कऱ्हेच्या गावात मुठेचं पाणी

पहाटे पाच वाजता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सायकल घेऊन उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा. त्या वेळी तिथे सायकलीला जागा नसते. टेम्पो मागे घेताना क्लीनर पोरगा ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडत असतो, पाठीवर पोतं घेतलेला हमाल ‘ओ, बाजू!’ म्हणून खेकसतो आणि कोबीच्या पानांवरून चाक सरकतं ते वेगळंच. भाची वैतागली होती. “मामा, आपण घाटाखाली भेटलो असतो ना सरळ!”

भेटलो असतो. पण फेरा इथूनच सुरू करायचा, असं मी ठरवलं होतं. पद्मावतीला माझी चोवीस वर्षं गेली, मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर, आणि रविवारची सायकल गेली सात-आठ वर्षं. तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं.

गाळ्यासमोर एका टेम्पोतून मटारची पोती उतरत होती. मी ड्रायव्हरला विचारलं, “कुठला माल?”

“गुऱ्होळी.”

“आम्ही तिकडंच निघालोय.”

“माल बघायला?”

“नाही, असंच. सायकलवर.”

त्याने आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्या घट्ट काळ्या चड्डीकडे, मग शेजारी हेल्मेट घालून उभ्या असलेल्या भाचीकडे. “मग बसा की टेम्पोत. रिकामाच चाललोय माघारी. सायकली टाकू हौद्यात.”

इतकं शहाणपणाचं आमंत्रण आम्ही नाकारलं आणि कोंढव्याच्या दिशेने पायडल मारलं.

पुण्याभोवती सायकलवाल्यांचे ठरलेले फेरे आहेत. सगळ्यात गर्दीचा बोपदेव–सासवड–दिवे हा साठेक किलोमीटरचा. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढायचा, सासवडला मिसळ खायची आणि दिवे घाट उतरून हडपसरमार्गे घरी. उलटाही करता येतो, आणि कोणती बाजू खरी यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत विचाराल तर दिवे घाट हल्ली कुठल्याच बाजूने करू नये. हा ज्ञानोबामाउलींच्या पालखीचा घाट. इथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि खालून वरपर्यंत पांढऱ्या टोप्यांची रेघ दिसते. त्या एका दिवसापुरता तो माणसांचा रस्ता असतो. उरलेलं वर्षभर ट्रक, डंपर आणि पालखी महामार्गाच्या रुंदीकरणाचा धुरळा.

म्हणून आमचा फेरा जरा मोठा. बोपदेव चढून सासवड, तिथून वाघापूर, शिंदवणे घाट उतरून उरुळी कांचन, मग कोरेगाव मूळ, थेऊर, लोणी काळभोर, हडपसर आणि घर. पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. नकाशावर काढला तर एका बाजूने चेपलेल्या भाकरीसारखा दिसतो. भाचीच्या दुसऱ्या फिरण्यांच्या हिशेबात हे काहीच नाही. ती बीआरएम करणारी, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. मी चोपन्न वर्षांचा, गुडघ्याशी बोलत बोलत जाणारा.

कोंढवा संपता संपत नाही. खडी मशीन चौकाचं नाव सांगतं की इथे डोंगर फोडून खडी करत. डोंगर बरेचसे फोडून झाले, नाव राहिलं आणि त्या खडीच्या इमारती उभ्या राहिल्या. येवलेवाडीच्या पुढे सिमेंट कालवणारे ट्रक पोट गरगरा फिरवत समोर येतात. त्यांच्या मागून उडणारं ते करडं पाणी एकदा तोंडात गेलं की दात दिवसभर करकरतात.

मग घाट. बोपदेव लांब नाही, पण खडा आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडं वर. त्याच्या पुढची उंची इथे चार-दोन वळणांत गाठायची. पहिल्या वळणाला माणूस गप्पा मारतो, दुसऱ्याला मोजून बोलतो, तिसऱ्याला गिअर शोधतो. माझा शेवटचा गिअर केव्हाच संपला होता; बोटं उगाच लिव्हर दाबत होती. भाची पुढे जाऊन थांबायची आणि मी आलो की, “मामा, छान चाललंय,” म्हणायची. छान चाललं नसलं की माणसं असं म्हणतात.

याच घाटात ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. तेव्हापासून भाची उजाडायच्या आत घाटाला लागत नाही आणि एकटीने तर नाहीच. “आधी मी इथे पावणेसहाला एकटी यायचे मामा. वरती सूर्य उगवताना बघायला,” ती चढातच म्हणाली. आवाजात राग होता आणि दमही लागला नव्हता. त्या सूर्योदयाची वेळ आता मामाच्या वेगाने ठरते.

माथ्यावर वारा सुटतो. मागे वळून पाहिलं तर शहर खालच्या धुरकटात बुडालेलं, वर फक्त मनोऱ्यांची टोकं. डाव्या-उजव्या डोंगरांवर लक्ष ठेवून बसलेला कानिफनाथ. त्याच्या गाभाऱ्याचं तोंड इतकं बारकं आहे की पुरुषमाणसं सदरा-पट्टा काढून, आडवं होऊन, सरपटत आत जातात. पोट सुटलेला माणूस आत जाताना बाहेरचे लोक कसा श्वास रोखून बघतात ते पाहण्यासारखं आहे. मी एकदा गेलोय. पुन्हा जाण्याआधी पाच किलो उतरवायचे आहेत. भाचीला तिथे प्रवेशच नाही, त्यामुळे तिचं या विषयावरचं मत इथे छापण्यासारखं नाही.

आस्करवाडी, भिवरी, बोपगाव, चांबळी. पठारावर आलो की सायकल आपली आपण पळते. भाद्रपदातलं पुरंदर हिरवं असतं आणि ते किती थोडे दिवस हिरवं असतं हे माहीत असल्यामुळे जास्तच हिरवं वाटतं. हा पर्जन्यछायेचा तालुका. पश्चिमेचे ढग सिंहगड-पुरंदरच्या रांगेवर मोकळे होतात आणि इकडे येईतो त्यांची नुसती सावली उरते. मुरमाड जमीन, कमी पाऊस, थंड कोरडी हवा. वाटाणा, शेवंती, सीताफळ, अंजीर ही इथली पिकं त्यावरच वाढलेली.

रस्त्याच्या कडेला मात्र वेगळंच पीक. ‘एन. ए. प्लॉट’, ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘पुण्यापासून फक्त अमुक मिनिटांवर’. ती मिनिटं कोणत्या वाहनाने मोजली हे पाटीवर नसतं. रस्ते विकास महामंडळाचा रिंगरोड याच पट्ट्यातून जायचा आहे. शहराभोवती सरकारने काढलेलं वर्तुळ. आमच्या वर्तुळाला तो चांबळी-हिवऱ्याच्या आसपास छेदणार. एकशेदहा मीटर रुंदीचा रस्ता म्हणजे काय हे कागदावर कळत नाही. वाटाण्याच्या वावराच्या एका बांधावर उभं राहून दुसरा बांध बघितला आणि तो शंभर मीटरच्या आतच आला की कळतं.

चांबळीच्या अलीकडे वावरात सात-आठ बाया वाटाणा तोडत होत्या. डोक्यावर टॉवेल, कमरेला गोणपाटाची ओटी, दोन्ही हात चालू. शेंग ओढायची नाही, देठाशी चिमटीत धरून मोडायची, नाहीतर वेल उपटून येतो. मी सायकल आडवी टाकली तशी एका मावशींनी मान वर केली.

“कुठनं आलाय?”

“पुण्यातनं.”

“सायकलवर? पेट्रोल लई महाग झालं व्हय?”

हा प्रश्न मला या सात-आठ वर्षांत किमान पन्नास वेळा विचारला गेलाय. दुसरा ठरलेला प्रश्न सायकलीच्या किमतीचा. आधी मी खरं सांगायचो आणि माणसं गप्प व्हायची. त्या रकमेत दुभती गाय येते. हल्ली मी ‘जुनी घेतली’ म्हणतो. मावशींनी किंमत विचारली नाही. ओटीतल्या मूठभर शेंगा भाचीच्या हातात कोंबल्या आणि म्हणाल्या, “खा ताई. ह्येच तिकडं तुमाला किलोवर घ्यावं लागंल.”

शेंग फोडली की आतून जो ओला, गोड वास येतो तो मार्केट यार्डापर्यंत टिकत नाही. चार तासांत पोत्याच्या आत माल गरम होतो. हे मला सकाळच्याच टेम्पोवाल्याने सांगितलं होतं; पोत्यात हात घालून दाखवलंही होतं.

सासवड. कऱ्हा आणि चांबळी या दोन नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ, काळ्या दगडाचं, घाटाच्या पायऱ्यांवर उभं. इथेच सोपानदेवांची समाधी. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी इथे धाकट्या भावाच्या गावी मुक्काम करते आणि सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरीची वाट धरते. इथेच भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारला. शनिवारवाड्याची आठवण करून देणारा पुरंदऱ्यांचा वाडा इथेच. आणि जवळच्या कोढीतला १८९८ मध्ये आचार्य अत्र्यांचा जन्म. अत्र्यांनी पुढे मुंबई गाजवली, पण आत्मचरित्राला नाव दिलं ‘कऱ्हेचे पाणी’.

नाव मोठं आहे, नदी लहान आहे. संगमाच्या पुलावरून खाली पाहिलं तर भर भाद्रपदातही पाणी खडकांच्या मधून वाट काढत जाणारं. उन्हाळ्यात तर पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. या नदीच्या जिवावर तालुका कधी भिजला नाही. १९७२ चा दुष्काळ इथली म्हातारी माणसं अजून कालच्यासारखा सांगतात.

मिसळ खाल्ली. तिच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. तर्री होती, भूक होती. बाहेर सीताफळांचा बाजार मात्र बघण्यासारखा भरला होता. पाट्यांच्या रांगा, प्रत्येक पाटीत वरच्या थराला डोळे मोठे झालेली फळं. फळाच्या खवल्यांमधली रेघ पांढरी-पिवळी पडली की त्याचे डोळे उघडले म्हणतात. मग ते तोडायचं. व्यापारी पाटीच्या तळाशी हात घालून खालचा थर चाचपतो आणि शेतकरी दुसरीकडे बघतो. खाली काय आहे हे दोघांनाही माहीत असतं.

सासवडहून वाघापूरच्या रस्त्याला लागलं की सायकलवाले जवळजवळ संपतात. बाकीचे सगळे दिव्याकडे वळलेले. आणि इथून पुढच्या गावांची नावं पुणेकराने वर्तमानपत्रात वाचलेली असतात: वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. नियोजित पुरंदर विमानतळाची सात गावं. २०१६ मध्ये ही जागा जाहीर झाली. पहिल्या आराखड्यात अडीच हजार हेक्टरांच्याही वर जमीन जात होती; मग जागा बदलायची ठरली, पुन्हा हीच ठरली, क्षेत्र कमी झालं. २०२५ च्या मेमध्ये ड्रोनने मोजणी करायला आलेले अधिकारी-पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, लाठ्या चालल्या.

यातलं खानवडी हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. मूळ कटगुण साताऱ्याकडचं, पण फुल्यांचे पूर्वज खानवडीला आले आणि पुढची पिढी पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते त्या धंद्यामुळे. म्हणजे घाटावरचं माणूस, घाटावरचं फूल आणि पुण्याचा बाजार हे नातं पेशवाईइतकं जुनं. आजही इथल्या शेवंतीचे टेम्पो पहाटे मार्केट यार्डाच्या फूलबाजारात उभे असतात. मी रोज सकाळी देवाला वाहतो ते फूल बहुधा या रस्त्याने माझ्या उलट दिशेने आलेलं असतं.

वनपुरीच्या पारावर तिघे बसले होते. आम्ही पाणी मागितलं. एक म्हातारबा म्हणाले, “सायकलवाले बरे. तुमी काय मोजाया आला न्हाईत.” मग थोडं थांबून, “का आलाय मोजायला?” भाचीने सायकलवरचा छोटा कॉम्प्युटर त्यांना दाखवला, किती किलोमीटर झाले, किती चढ चढलो. तिघांनी तो आळीपाळीने हातात घेऊन पाहिला. म्हातारबांनी परत दिला आणि म्हणाले, “म्हंजे मोजताच की.”

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

गुऱ्होळीच्या पुढे अंजिरांच्या बागा दिसायला लागतात. अंजिराचं झाड दिसायला काही खास नाही. बसकं, फांद्या वेड्यावाकड्या, पानं पंजासारखी आणि खरखरीत. पण पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि अंजीर-सीताफळांवर काम करणारं राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्रही याच तालुक्यात, जाधववाडीला आहे. बांधावर उभ्या असलेल्या एका बागाइतदार दादांनी हात केला म्हणून थांबलो, आणि तासभर थांबलो.

बहार दोन. खट्टा आणि मीठा. जूनमध्ये छाटणी केली की थंडीच्या सुरुवातीला जे फळ येतं तो खट्टा बहार. पावसाळी पाण्यावरचं, जरा पाणचट, नावाप्रमाणे आंबूस. पावसाळा सरताना छाटणी केली की मार्च ते मे या काळातलं फळ तो मीठा बहार. खरी चव त्याची. दादांच्या अर्ध्या बागेत हिरवी कच्ची फळं लटकत होती, अर्धी ताणावर, म्हणजे पाणी तोडून, सोडलेली. त्यांनी एक पान मोडून देठ माझ्यापुढे धरला. पांढरा चीक टपकन आला. “बोट लावू नका. तोडणीला आमी हातात मोजे घालतो, पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालतो, तरी हाताची कातडी निघतीच.”

अंजीर तोडल्यावर पिकत नाही. झाडावरच पिकायला हवं, पिकलं की त्याच पहाटे तोडायला हवं आणि तोडलं की एक-दोन दिवसांत कुणीतरी खायला हवं. पाऊस लांबला की तांबेरा, फळ पिकलं की वटवाघळं. इतकं नाजूक फळ इथे टिकलं, कारण चाळीस किलोमीटरवर पुणं आहे. हे दादांनीच सांगितलं, मी नाही. “पुनं नसतं तर अंजीर नसतं. मोसंबी लावली असती आमी.”

मग मी विचारलं, पाणी कुठलं?

ते हसले. “तुमचंच.”

मला आधी कळलं नाही. त्यांनी आम्हाला बागेच्या कोपऱ्यात नेलं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं, त्यात हिरवट-काळं पाणी. शेजारी ठिबकचा फिल्टर. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, झाकण फिरवून काढलं आणि आतली जाळी बाहेर ओढली. जाळीवर काळा, बुळबुळीत, केसाळ थर. बोटाने खरवडून त्यांनी तो बांधावर झटकला. वास आला. तो वास मला ओळखीचा होता. पद्मावतीच्या आमच्या गल्लीतली गटाराची झाकणं मेमध्ये उघडतात तेव्हा येतो तोच.

पुरंदर उपसा सिंचन योजना. कोरेगाव मूळजवळ मुळा-मुठेतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने पंपांनी डोंगर चढवायचं आणि पुरंदर, हवेली, दौंड, बारामती या तालुक्यांतल्या कोरडवाहू गावांना द्यायचं. आराखड्यात सुमारे चार टीएमसी पाणी, पंचवीस हजार हेक्टरांच्या आसपास क्षेत्र. मुळा-मुठेत कोरेगावपाशी बारमाही पाणी असतं ते कुठून येतं? खडकवासल्याचं पाणी पुणेकराच्या नळात, नळातून बादलीत, बादलीतून मोरीत, मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत. त्यातलं काही शुद्ध होतं, काही नुसतंच वाहतं. अकरा नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायची, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची, जपानच्या ‘जायका’कडून कर्ज घेऊन, ९९० कोटींची योजना, असं २०१६ मध्ये मंजूर झालं होतं. त्याला आता दहाएक वर्षं होत आली.

“वाईट नाही वाटत?” भाचीने विचारलं.

“कशाचं ताई? दुष्काळात टँकर विकत घिऊन झाडं जगवल्यात आमी. तवा ह्येच पानी मिळावं म्हणून मोर्चे काढले.” दादा जाळी पाण्याखाली धरून ब्रशने घासत होते. “वास येतो खरा. फिल्टर रोज धुवावा लागतो, न्हाई धुतला तर नळ्या चोंदत्यात. हिरीचं पानी पन आता प्यायला घेत न्हाई, ते जार आणतो. पन झाड न्हाई वास बघत.” जाळी परत बसवली, झाकण आवळलं. “आन परत तुमच्याकडंच येतंय की. अंजीर होऊन.”

निघताना त्यांनी आम्हाला मार्चमध्ये यायचं आमंत्रण दिलं. मीठा बहार खायला. मी हो म्हणालो आणि हो म्हणताना जाळीवरचा थर डोळ्यांसमोर होता, हे लपवत नाही.

वाघापूर सोडलं की पठार संपतं आणि शिंदवणे घाट खाली घेऊन जातो. हा घाट मला सगळ्या फेऱ्यात जास्त आवडतो, कारण कुणालाच तो फारसा माहीत नाही. एका बाजूला पुणे–मिरज रेल्वे. शिंदवणे ते आंबळे या स्टेशनांदरम्यान गाडीला डोंगराला वळसे घालत चढावं लागतं. नशीब असलं तर मालगाडीची लांबलचक शेपूट दोन वळणांवर एकदम दिसते. त्या दिवशी नशीब नव्हतं. दुसऱ्याच वळणावर मागचं चाक भसकन बसलं.

पंक्चर काढायला मी वीस मिनिटं घेतो, भाची सात. तिने मला सावलीत बसवलं, चाक काढलं, टायरच्या आतून अंगठा फिरवला आणि थांबली. “सापडलं.” ट्रकच्या फाटक्या टायरातून सुटलेली बारीक तार, नखाएवढी. हायवेच्या कडेला अशा तारा पडलेल्या असतात आणि सायकलच्या टायरात त्या सुईसारख्या शिरतात. बाहेरून दिसत नाहीत. हाताने शोधून काढली नाही तर नवी ट्यूबसुद्धा दहा मिनिटांत बसते. तिने ती दातांनी ओढून काढली. मी म्हटलं, “अगं, दातांनी काय!” ती म्हणाली, “नखं नाहीत मला, मामा.”

सावलीत बसल्या बसल्या समोरचा उतार दिसत होता. खाली हिरवा, सपाट, उसाचा मुळा-मुठेचा पट्टा. वर आम्ही जिथून आलो ते मुरमाड पठार. नदीचं पाणी एवढा डोंगर चढतं. आम्ही सकाळी बोपदेव चढलो त्याचं मला जरा कौतुक वाटत होतं, ते तिथे बसून कमी झालं.

उरुळी कांचन. गांधीजी १९४६ मध्ये इथे आले, मुक्काम केला, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि तो सांभाळायला मणिभाई देसाई मागे राहिले. माती, पाणी, ऊन यांनी रोग बरा करायचा. त्याच मणिभाईंनी १९६७ मध्ये इथे ‘बायफ’ ही संस्था उभी केली आणि संकरित गाईंचं काम गावोगाव नेलं. आश्रम अजून आहे, झाडीत शांत. मातीचे लेप आणि पाण्याचे उपचार घ्यायला मुंबई-पुण्याची माणसं येतात. आश्रमापासून सायकलने थोडक्या अंतरावर ती नदी आहे.

कोरेगाव मूळला आम्ही मुद्दाम आत वळलो. पात्र भरलेलं. लांबून सुंदर, काठावर बाभळी, मध्ये हिरवी जाजमं. जवळ गेल्यावर कळतं की जाजमं जलपर्णीची आहेत. जिथे पाणी खडकावरून घसरतं तिथे फेस, धुण्याच्या साबणासारखा, वाऱ्याने तुकडे उडून काठच्या गवतावर बसलेले. एक बगळा फेसात पाय घालून उभा होता आणि त्याला काही वाटत नव्हतं. भाचीने बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला, मग बाटलीकडे पाहिलं. सासवडला मिसळीच्या हॉटेलात भरून घेतली होती.

पुढचं थोडक्यात, कारण पुढे माझं लक्ष गुडघ्याकडे होतं. थेऊरला चिंतामणीचं दर्शन बाहेरूनच. चपला-बूट काढायची ताकद नव्हती. आजारी थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये याच देवळाच्या आवारात गेले, वय अवघं सत्तावीस. सोलापूर रस्त्याला लागलो आणि लोणी काळभोरच्या तेल डेपोंचे टँकर सुरू झाले. इथे सायकल चालवणं म्हणजे पांढऱ्या पट्टीवर दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं चालणं. हडपसरचा उड्डाणपूल, सिग्नल, हॉर्न. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, “काका, कुठनं?” म्हटलं, “सासवड-उरुळी.” तो म्हणाला, “का?” हिरवा पडला म्हणून वाचलो.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बायकोने मटार सोलायला घेतला होता, सकाळी यार्डातून आलेला. तिने एक शेंग माझ्याकडे टाकली. फोडून पाहिली, वास जवळजवळ गेलेला, पण पूर्ण नाही.

सायकलच्या मडगार्डखाली वनपुरीचा लाल मुरूम, कोरेगावचा काळा चिखल आणि येवलेवाडीचं सिमेंट, तिन्ही थर वाळून बसले होते. मी दोन बादल्या घेतल्या आणि मागच्या अंगणात ब्रशने घासून सायकल धुतली. पाणी आधी करडं वाहिलं, मग काळं, मग लाल. जाळीपाशी क्षणभर फिरलं आणि आत गेलं.

“लवकर आवर,” बायको आतून म्हणाली, “नळ जायची वेळ झाली.”